चित्र डच, सही डच, हात कोणाचा?

पोस्ट लांब आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी नंतर वाचा, पण अर्धी वाचून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका.

आमच्या भागात सध्या नवीन बंगले आणि रिसॉर्ट उभे राहतायत, आणि त्यांच्या हॉलमध्ये एक ठरावीक चित्र दिसायला लागलंय. काळपट भिंत, टेबलावर चुरगळलेलं पांढरं कापड, अर्धवट सोललेलं लिंबू आणि त्याची खाली लोंबणारी साल, बाजूला हिरवट काचेचा पेला, कथलाची थाळी, कधी शिंपल्यातली कालवं. नाहीतर मग फुलदाणीत मावत नाहीत इतकी फुलं. सोनेरी जाड फ्रेम. मालक कौतुकानं सांगतो, "डच आहे. प्रिंट नाही हां, ऑइल पेंटिंग. पूर्ण हँडमेड." मागच्या महिन्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी असंच एक दाखवलं. अठरा हजाराला ऑनलाइन घेतलेलं. मी विचारलं, काढलं कोणी? ते म्हणाले, "हेडा म्हणून कोणी होता." मी म्हटलं तो १६८० मध्ये वारला. हे कोणी काढलं? ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी चहाच्या कपाचा कारखाना विचारला.

चित्र उलटं करून बघितलं. मागे बारकोडचं स्टिकर होतं, साइज होता, "हँडपेंटेड, म्युझियम क्वालिटी" होतं. माणूस कुठेच नव्हता.

माझं भांडण इथे आहे. नकलेशी माझं भांडण नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण अर्ध्या लोकांना वाटणार की हा आता "अस्सल कले"वर प्रवचन देणार. हाताने केलं म्हणून जास्त पैसे घ्यायचे आणि तो हात कोणाचा ते लपवायचं, हा जो धंदा आहे त्याच्याविरुद्ध ही पोस्ट आहे.

मूळ चित्रं काय होती ते थोडं बघू, कारण त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला आपण बादली, तांब्या, वांगं आणि मागे पडदा असं जे काढायचो, तेच स्टिल लाइफ. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या लोकांनी त्याचा बाजार उभा केला. तिथे चित्रं फक्त राजे आणि चर्च विकत घेत नव्हते. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६४० मध्ये अॅमस्टरडॅमला गेला, त्यानं लिहून ठेवलंय की खाटीक, बेकरीवाले यांच्या दुकानात चित्रं, लोहाराच्या भट्टीजवळसुद्धा चित्र. (हा मंडी त्याआधी सुरतेला ईस्ट इंडिया कंपनीत होता आणि १६३० च्या भीषण दुष्काळात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला होता. रस्त्यात काय बघितलं तेही त्यानं लिहिलंय. ते वाचवत नाही.)

हार्लेम गावात पीटर क्लास आणि विलेम हेडा हे दोघे न्याहारीच्या टेबलांचे उस्ताद होते. क्लासचं १६२७ चं एक चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, टर्कीच्या पायचं. टेबलावर मोठा पाय, त्यावर पिसांसकट टर्की पक्षी सजवून बसवलेला, शंखाचा पेला, लिंबू, पाव. आणि दोन वस्तू अशा की आपण थांबून बघाव्यात. एक म्हणजे कागदाची पुडी. छापील पंचांगाचं पान गुंडाळून केलेली, आपल्या वाण्याकडे असते अगदी तशीच, आणि तिच्यातून मिरी सांडलेली. दुसरी म्हणजे निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचं भांडं.

मिरी हॉलंडमध्ये पिकत नाही. जावा-सुमात्रा आणि मलबार इथून जहाजं भरून ती जायची. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली निघाली. मसाल्यासाठी १६२१ मध्ये याच कंपनीनं बांदा बेटांवरची माणसं कापली, उरलेली गुलाम करून नेली आणि जायफळाचा मक्ता घेतला. १६३७ मध्ये हीच कंपनी आमच्या वेंगुर्ल्यात आली. आदिलशाहीचा मुलूख होता, गोव्याच्या पोर्तुगिजांची कोंडी करायला सोयीची जागा. त्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. पर्यटक तिथे सेल्फी काढतात. म्हणजे ते "डच" टेबल आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. त्या पुडीतली मिरी वेंगुर्ल्याची होती असं मी म्हणत नाही, चित्र वखारीच्या दहा वर्षं आधीचं आहे. पण ज्यानं ती मिरी वेलीवरून तोडली, तो आपल्यासारखाच कोणीतरी होता, आणि चित्रात तो कुठेही नाही.

आता चिनी भांडं. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारीना' नावाचं पोर्तुगीज जहाज लुटलं. त्यातली चिनी भांडी अॅमस्टरडॅमच्या लिलावात विकली आणि सगळा देश त्या निळ्या नक्षीच्या प्रेमात पडला. ही भांडी चीनमध्ये जिंगदेझेनला व्हायची. निर्यातीसाठी, ढिगानं. एक कारागीर भांडं घडवणार, दुसरा रेघ मारणार, तिसरा पानं-फुलं काढणार. त्यातल्या एकाचंही नाव आपल्याकडे नाही. ते भांडं हार्लेमला आलं, क्लासनं ते आपल्या टेबलावर ठेवून रंगवलं आणि चित्रावर आपली अक्षरं गुंफून टाकली.

चारशे वर्षांनी त्याच क्लासचं चित्र मोबाइलच्या स्क्रीनवर लावून कोण रंगवतंय? पुन्हा चीनमधलाच माणूस. शेनझेन शहरात दाफेन नावाचं गाव आहे. म्हणजे होतं, आता शहरानं ते गिळलंय. १९८९ मध्ये हुआंग जियांग नावाचा हाँगकाँगचा व्यापारी वीसेक चित्रकार घेऊन तिथे आला आणि युरोप-अमेरिकेच्या ऑर्डरी पुरवायला लागला. पुढे त्या जेमतेम अर्ध्या चौरस किलोमीटरच्या वस्तीत हजारो लोक ब्रश घेऊन बसले. खेड्यातून आलेली मुलं-मुली, शेती सोडून. व्हॅन गॉगची सूर्यफुलं सर्वात जास्त खपायची, पण हेडाचं लिंबू आणि रेचल राउशची फुलंही तिथून जगभर गेली. आजही जातात.

म्हणजे बघा. भांडं रंगवणारा चिनी कारागीर बिननावाचा. त्या भांड्याचं चित्र काढणाऱ्या डच माणसाचं नाव म्युझियममध्ये. त्या चित्राचं चित्र काढणारा चिनी कारागीर पुन्हा बिननावाचा. आणि आपण अठरा हजार देऊन म्हणतो, डच आहे.

इथे एक वर्ग लगेच नाक मुरडतो. "चायना माल. फॅक्टरीत एकजण पानं काढतो, एकजण आकाश काढतो, कन्व्हेयर बेल्टवर चित्रं तयार होतात." हे वाक्य मी किमान दहा लेखांत वाचलंय, आणि त्याच्याच शेजारी "जगातली साठ टक्के तैलचित्रं दाफेनमध्ये होतात" हे दुसरं. कोणी मोजली, कधी मोजली, विचारू नका. बातमीदारीत असे आकडे एकदा छापून आले की ते मरत नाहीत, हे मी वीस वर्षं बघतोय. विनी वाँग या अभ्यासिकेनं दाफेनमध्ये प्रत्यक्ष राहून पुस्तक लिहिलं, तिचं म्हणणं वेगळं आहे: बहुतेक चित्रकार आपापल्या खोलीत, छोट्या वर्कशॉपमध्ये, स्वतंत्रपणे काम घेणारे. एका चित्राची सुरुवात-शेवट एकाच माणसाच्या हातची. म्हणजे आपल्याला "मशीन" म्हणून हिणवायला सोयीचं जातं म्हणून ती कन्व्हेयर बेल्टची गोष्ट टिकलीये.

'चायनाज व्हॅन गॉग्ज' नावाची २०१६ ची डॉक्युमेंटरी आहे, मिळाली तर बघा. त्यात झाओ शियाओयोंग नावाचा चित्रकार आहे. नाव मुद्दाम लिहितोय. हा माणूस वीसेक वर्षं व्हॅन गॉगच्या नकला काढतोय, मूळ चित्र एकदाही न बघता. पैसे साठवून तो अॅमस्टरडॅमला जातो. त्याची समजूत अशी, की आपली चित्रं तिथे एखाद्या गॅलरीत असतील. ती असतात सुव्हेनिअरच्या दुकानात, किचेन आणि मगच्या शेजारी, त्याला मिळतात त्याच्या कितीतरी पट किमतीला. त्याचा चेहरा तेव्हा काय होतो ते लिहून सांगता येणार नाही. नंतर तो म्युझियममध्ये खऱ्या चित्रासमोर उभा राहतो आणि म्हणतो की रंग वेगळे आहेत.

रंग वेगळेच असतात. इथे "म्युझियम क्वालिटी" या शब्दाकडे वळू, कारण हा शब्द मला सर्वात जास्त खटकतो.

डच फुलांच्या चित्रांत कधीकधी पानं निळसर दिसतात. लोकांना वाटतं काय ती कल्पकता! कल्पकता कसली, त्या काळी हिरवा करण्यासाठी निळ्यावर वनस्पतीपासून काढलेल्या पिवळ्या रंगाचा हात द्यायचे. तो पिवळा उजेडानं उडाला आणि निळा उरला. चित्रकारानं पान हिरवंच काढलं होतं. आता म्युझियमनं फोटो काढला, फोटोत पान निळं, फोटो बघून नक्कल करणाऱ्यानं पान निळं काढलं, आणि ते तुमच्या हॉलमध्ये "अस्सल डच रंगसंगती" म्हणून लागलं. नक्कल करणाऱ्याचा यात काही दोष नाही. त्याला सांगितलंय की फोटोसारखं काढ, नाहीतर माल परत.

दुसरं म्हणजे वेळ. यान व्हान हाउसम हा अठराव्या शतकातला फुलांचा मोठा चित्रकार. आपली पद्धत कोणी चोरू नये म्हणून स्टुडिओत कोणाला येऊ द्यायचा नाही, अशी त्याची ख्याती. १७४२ मध्ये त्यानं एका गिऱ्हाइकाच्या माणसाला कळवलं होतं की चित्र पूर्ण व्हायला पुढचा वसंत उजाडेल, कारण पिवळा गुलाब अजून मिळालेला नाही. एका गुलाबासाठी वर्षभर चित्र थांबलं, आणि गिऱ्हाईकही थांबलं. आज वेबसाइटवर लिहिलेलं असतं की तीन-चार आठवड्यांत घरपोच. तैलरंग वरून कोरडा लागला तरी आत ओला असतो, जाड थर पूर्ण सुकायला सहा महिने ते वर्ष लागतं, वॉर्निश त्यानंतर मारायचं असतं. इथे तो कॅनव्हास गुंडाळून नळीत घालून कुरिअर. मग दोन वर्षांनी भेगा पडल्या की म्हणायचं "चायना माल". घाई कोणाची होती? तुमची आणि दलालाची.

आणि तिसरी, सरळसरळ फसवणूक. बरीच "हँडपेंटेड" चित्रं हँडपेंटेड नसतातच. कॅनव्हासवर प्रिंट मारायचं आणि वरून पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे द्यायचे, म्हणजे हाताला खडबडीत लागतं. भिंग घेऊन बघा. रंगाच्या जागी बारीक ठिपके दिसले तर प्रिंट. फटकाऱ्याची दिशा आणि खालच्या आकाराची दिशा जुळत नसेल, म्हणजे लिंबाच्या सालीवर आडवे फटकारे चालले असतील, तरी प्रिंट. ही माहिती फुकट देतोय, बंगलेवाल्यांनी वापरावी.

परत सांगतो, नक्कल हा गुन्हा नाही. क्लास, हेडा, राउश यांच्या चित्रांवर आज कोणाचा कॉपीराइट नाही. राइक्सम्युझियमनं २०१२ पासून आपल्या संग्रहाचे मोठमोठे फोटो इंटरनेटवर फुकट ठेवलेत, वापरा म्हणून सांगितलंय. गुन्हा केव्हा होतो? नक्कल मूळ म्हणून विकली तर. हॉलंडचाच हान व्हान मेगरन, व्हर्मीरची खोटी चित्रं करून त्यानं भल्याभल्यांना गंडवलं, एक तर थेट हिटलरच्या गोरिंगला पोचलं. १९४५ मध्ये देशाचा ठेवा शत्रूला विकला म्हणून पकडला गेला, तेव्हा जीव वाचवायला त्याला कबूल करावं लागलं की ते चित्र माझंच आहे. असो, तो वेगळा विषय.

प्रामाणिक नक्कल कशी असते त्याचा नमुना पॅरिसमध्ये आहे. लूव्हर म्युझियममध्ये १७९३ पासून चित्रकारांना आत बसून नक्कल करू देतात. अटी साध्या आहेत. परवाना घ्यायचा. आकार मूळ चित्राएवढा ठेवायचा नाही, लहान किंवा मोठा करायचा. मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. चित्राच्या मागे म्युझियमचा शिक्का. बस्स. यानं कोणाचा धंदा बुडाला नाही, उलट नक्कल करणाऱ्याला लोक मान देतात, मागे उभं राहून बघतात.

आणि आपल्याकडे? अजिंठ्याची भित्तिचित्रं कागदावर-कॅनव्हासवर उतरवण्याचं काम १८७२ पासून पुढे दहा-बारा वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलं. पाऊस संपला की लेण्यांत जाऊन बसायचं, वटवाघळांच्या वासात, अंधारात. त्यातल्या कितीतरी नकला लंडनला १८८५ च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिलनं केलेल्या नकला १८६६ ला तिथेच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. जे उरलं त्याचं मोल आज काय आहे ते अजिंठ्यात जाऊन भिंती बघितल्या की कळतं. भिंतीवरचं बरंच गळून गेलंय आणि नकलेत ते आहे. पण १८९६ मध्ये छापलेल्या त्या भव्य ग्रंथावर नाव प्रिन्सिपॉल जॉन ग्रिफिथ्सचं. पेस्तनजी बोमनजींसारखं एखादं नाव सोडलं तर त्या मुलांची नावं तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलीत?

यावर कोणी जाणकार म्हणेल की अहो, त्या डच काळातही असंच होतं. बरोबर आहे. चित्रकारांच्या संघाचा नियमच होता की शिष्यानं काढलेलं चित्र गुरूच्या नावावर विकता येईल. शिकाऊ मुलानं सही करायची नाही. जत्रेत विकायला स्वस्त नकला काढणारे रोजंदारीवरचे लोकही होते. पण त्याचा परिणाम काय झाला तेही सांगा ना. जुडिथ लेस्टर ही हार्लेमचीच, संघाची रीतसर सभासद, स्वतःचा स्टुडिओ असलेली बाई. वारल्यावर तिची चित्रं फ्रान्स हाल्सच्या आणि इतरांच्या नावावर खपायला लागली. दोनशेहून जास्त वर्षं ती जवळजवळ पुसलीच गेली होती. १८९३ मध्ये एका अभ्यासकाला "हाल्स"च्या म्हणून विकलेल्या चित्रावर तिची सही सापडली, जे आणि एल ही अक्षरं आणि बाजूला एक तारा. तेवढ्या तीन खुणांवरून ती परत आली. त्या खुणा नसत्या तर आजही ती नसती. तेव्हा "पूर्वीही असंच होतं" हे कारण माझ्यापुढे आणू नका. पूर्वी असं होतं म्हणून काय काय गेलं, ते शोधण्यात लोकांचे जन्म गेलेत.

क्लासचं अजून एक चित्र आहे, जर्मनीत न्यूरेंबर्गला. टेबलावर कवटी, व्हायोलिन, घड्याळ, आडवा पडलेला पेला, आणि एक काचेचा गोळा. त्या गोळ्यात नीट बघितलं तर खोलीचं प्रतिबिंब आहे आणि त्यात ईझलसमोर बसलेला चित्रकार. म्हणजे स्वतः क्लास. अँटवर्पची क्लारा पीटर्सही हे करायची, तिनं भांड्याच्या झाकणात आपला चेहरा काढला आणि टेबलावरच्या चांदीच्या सुरीवर आपलं नाव कोरलेलं दाखवलं. नाव लावण्याची यांची हौस बघा! आता याची नक्कल करणाऱ्याला काय करावं लागत असेल? तो आपल्या खोलीत ईझलसमोर बसलाय, आणि गोळ्यात त्याला काढायचाय तो दुसऱ्याच खोलीतला दुसराच माणूस. सुरीवर नाव घालायचंय तेही दुसऱ्याचं. ते तर त्यानं काढलंच पाहिजे, नक्कल आहे म्हटल्यावर. मग मागच्या बाजूला, जिथे कोणाला दिसतही नाही, तिथे त्याचं स्वतःचं नाव लिहायला काय हरकत आहे?

आपल्याकडे ही गोष्ट आमच्या लहानपणी कोणाला शिकवावी लागत नव्हती. फ्लेक्स यायच्या आधीचे दिवस आठवा. मटणाच्या दुकानाचा बोर्ड असो, सलूनचा असो की "जाहिरात लावू नये" अशी भिंतीवरची पाटी असो, खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचं नाव असायचंच. अमुक आर्ट्स, तमुक पेंटर, एसटी स्टँडसमोर. सिनेमाचे बॅनर करणारेही नाव टाकायचे, ट्रकच्या मागच्या फळीवर सुद्धा पेंटरचं नाव असायचं. बोर्ड वाचताना आपल्याला कळायचं की हा 'र' अमक्याचा आहे. तो बोर्ड कोणी म्युझियम क्वालिटी म्हणून विकत नव्हतं. तरी नाव होतं.

आता ज्याच्यामुळे ही पोस्ट लिहितोय ते सांगतो. आमच्या तालुक्यातला एक मुलगा आहे, सत्तावीस-अठ्ठावीसचा. एटीडी झालाय. कला शिक्षकांच्या जागांचं काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेगळं लिहीन. चार वर्षं वाट बघितली, गणपतीच्या शाळेत रंगकाम केलं, मग एका दलालाशी गाठ पडली. तेव्हापासून घराच्या पडवीत बसून हा डच लिंबं सोलतोय. व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, साइज येतो, तारीख येते. कॅनव्हास त्याचा, रंग त्याचे. एका मध्यम चित्राचे बावीसशे मिळतात, तेही मागून घ्यावे लागतात. बिल नाही, करार नाही. चित्राचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही अशी तोंडी ताकीद आहे, कारण गिऱ्हाइकाला तो थेट सापडेल. एकदा त्यानं चित्राच्या मागे पेन्सिलीनं नाव लिहिलं, तर चित्र परत आलं आणि पैसे कापले गेले.

मी विचारलं, का रे? तो म्हणाला, "दादा, सही करूक नको म्हणान सांगितल्यानी." आणि हसला. त्या हसण्याचा मला राग आला, त्याचा नाही, ते हसावं लागण्याचा.

या मुलानं मला हेडाचं लिंबू कसं काढायचं ते समजावून सांगितलं. आधी सगळं चित्र करड्या-तपकिरी रंगात उजेड-सावलीनं उभं करायचं. मग लिंबाचा पिवळा. सालीची बाहेरची बाजू जरा जाड रंगानं, दाणेदार, आतली पांढरी बाजू गुळगुळीत, आणि आतल्या गराला शेवटी पातळ रंगाचा हात, म्हणजे रस धरल्यासारखं दिसतं. मूळ चित्र त्यानं आयुष्यात बघितलेलं नाही, पण म्युझियमचा फोटो मोठा करून करून तो इतका बघितलाय की हेडाचा ब्रश कुठे वळला, कुठे उचलला, हे तो बोटानं हवेत करून दाखवतो. थाळीच्या कडेवरच्या चमकेवर त्याचा दीड दिवस गेला होता. याला तुम्ही मशीन म्हणणार? आणि याच्या कामाला "आमच्या तज्ज्ञ कलाकारांच्या टीमकडून" असं वेबसाइटवर लिहिणार? मग त्या टीममधल्या एकाचं तरी नाव सांगा.

कायद्याचं म्हणाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याला वस्तू कुठल्या देशात तयार झाली ते सांगावं लागतं. देश सांगायचा, माणूस नाही. प्रेशर कुकरच्या बाबतीत ते ठीक आहे. पण ज्या मालाची किंमतच "माणसाच्या हातानं केलं" या एका वाक्यावर प्रिंटच्या दहापट लावली जाते, तिथे तो माणूस कोण हे सांगणं सक्तीचं का नसावं? हातानं केलेली नक्कल म्हणून विकायची असेल तर मागे चार ओळी हव्यात: मूळ चित्र कोणाचं, नक्कल कोणी केली, कुठे केली, कोणत्या वर्षी केली. याला एक पैसा खर्च नाही. मार्कर लागतो.

दलाल म्हणतात, नाव दिलं तर गिऱ्हाईक थेट चित्रकाराकडे जाईल. जाऊ दे की! तुम्ही फ्रेम, पॅकिंग, वाहतूक, जाहिरात करता, त्याचे पैसे घ्या, कोण नाही म्हणतंय. पण चित्रकार सापडू नये एवढ्यावरच तुमचा धंदा टिकून असेल, तर तुम्ही चित्रं विकत नाही आहात, एका माणसाला दडवून ठेवण्याचे पैसे घेताय. आणि काही चित्रकारांनाच नाव नको असतं, असंही एकजण मला म्हणाला. असेल. ज्याला नको त्याला त्यानं स्वतः नको म्हणू दे. त्याच्या वतीनं दलालानं म्हणायचं नाही.

माझ्या मित्रयादीत हॉटेलवाले आहेत, आर्किटेक्ट आहेत, इंटिरिअर करणारे आहेत, दोन-तीन नगरसेवकही आहेत ज्यांच्या हातात सभागृहाच्या भिंती आहेत. तुम्हाला सरळ विनंती: पुढची ऑर्डर देताना विचारा, काढणार कोण? उत्तर "आमची टीम" असेल तर प्रिंट घ्या. प्रिंट स्वस्त असतं आणि ते खोटं बोलत नाही. आणि ज्यांच्या घरात आधीच चित्र आहे त्यांनी विक्रेत्याला एक ईमेल करा, नाव विचारा, आणि काय उत्तर आलं ते इथे कमेंटमध्ये टाका. मला त्याची बातमी करायची आहे.

त्या मुलाचा नंबर इथे देणार नाही, त्याचं चालू काम जाईल. ज्यांना खरंच चित्र हवंय त्यांनी मला मेसेज करावा. हेडाचं लिंबू सात-आठ हजारात होईल, रंग चांगले वापरून. सुकायला वेळ लागेल, चार महिने तरी धरा. बिल मिळेल. मागे त्याचं नाव असेल, ते खोडायचं नाही ही अट आहे.